मग वाढणार कोण?

माझ्या आईचा फॉर्म मी खोटा भरला होता.

आणि ज्यांनी तो पकडला, त्या आमच्या मॅडम आज पहाटे गेल्या.

नगरला नर्सिंगला होते तेव्हा मॅडम आम्हाला शिकवायच्या. शुगर असलेल्या बायकांमधलं डिप्रेशन, हा त्यांचा रिसर्च. आम्ही मुलींनी आपापल्या गावातल्या बायकांना प्रश्न विचारून फॉर्म भरायचे होते.

आमचं गाव शेवगाव तालुक्यात. आईला शुगर. तिचा फॉर्म मी एसटीत बसून भरला.

झोप लागते का, रडू येतं का, जगणं नको वाटतं का. सगळीकडे एकच खूण : त्रास नाही.

मॅडमनी गठ्ठ्यातून नेमका तोच बाजूला काढला.

"या बाई कोण?"

"माझी आई, मॅडम."

"तिला विचारलंस?"

"विचारायचं काय त्यात? मला माहितेय ना."

"मग हा तुझा फॉर्म झाला. तिचा कुठाय?"

पुढच्या रविवारी त्या स्वतः आमच्या घरी आल्या.

आजी आईला चिकटून बसली. मॅडम आपल्या सुनेला विचारतायत आणि उत्तर आपणच द्यायचं, यात तिला काही वावगं वाटत नव्हतं.

"झोप लागते का?"

"लागती की. घोरती."

"रडू येतं?"

"काय कमी हाय तिला, रडायला?"

मॅडमनी पेन खिशात ठेवला. "बरं, पाय बघते," म्हणाल्या. शुगरवाल्यांच्या तळव्याला स्पर्श कळतो का ते तपासतात. त्या फरशीवर बसल्या आणि आईचा भेगाळलेला पाय स्वतःच्या मांडीवर घेतला.

आईनं झटक्यात मागं ओढला. "अवो मॅडम, पाप लागंल मला! तुमी केवढ्या मोठ्या!"

"मोठी आहे ना? मग ऐका. द्या पाय."

आजीला ते बघवेना. "लई अवघड झालं बाई," म्हणत ती बाहेर ओट्यावर गेली.

(नंतर मॅडम मला म्हणाल्या, "सासू उठेपर्यंत पाय सोडायचा नाही. पुस्तकात नाही हे, लिहून घे.")

मग त्यांनी हळूच शेवटचा प्रश्न विचारला.

आई स्वतःच्या पायाकडं बघत बोलली. "रोज वाटतं. संध्याकाळी हातपाय थरथरत्यात, घाम फुटतो. वाटतं, आत्ताच पडावं अन् सुटावं एकदाचं."

मी चहाचा ट्रे घेऊन मागे उभी होते.

"गोळी कधी घेता?"

"आठाला. जेवायच्या आधी."

"आणि जेवता कधी?"

"सगळ्यांचं झालं की. साडेनऊ, धा."

मॅडमनी सगळ्यांना बोलावलं. शांतपणे सांगितलं की गोळी घेतली की लगेच हिनं जेवायचं. उशीर झाला तर शुगर एकदम खाली जाते, जिवावर बेतू शकतं.

आजीनं विचारलं, "मग वाढणार कोन?"

वडिलांनी टीव्हीकडं बघितलं. दादानं मोबाईलकडं.

"मी," मी म्हणाले.

पुढं मनाच्या डॉक्टरांकडेही मॅडमनीच नेलं आईला. घरी सांगितलं, डोळे तपासायला.

वर्षभर नगरहून रोज एसटीनं ये-जा करून मी वाढलं. आई आठला जेवायची. भिंतीकडं तोंड करून, चोरी केल्यासारखी.

मग मला पुण्यात नोकरी लागली. मी मॅडमना म्हणाले, "नाही जात. वाढणार कोण?"

पहिल्यांदाच चिडल्या. "वाढपी व्हायला शिकलीस का? जा तू. आठचं मी बघते."

आणि त्या रोज आठला आईला फोन करायला लागल्या. "गोळी घेतली? आता ताट घ्या. मी ऐकतेय."

आजी करवादायची, "आला का मॅडमचा फोन? बस बाई जेवायला. त्या काय ऐकायच्या न्हाईत." आणि उठून स्वतः वाढायची.

मी सांगून जे झालं नसतं, ते त्या फोनमुळं व्हायचं.

आज मला रजा मिळाली नाही. आठला सिस्टरांकडून पाच मिनिटं मागून घेतली आणि वॉर्डच्या जिन्यातून फोन लावला.

"आई, गोळी घेतलीस?"

"घेतली." आवाज अगदी बारीक. "आज जेवत न्हाई. मॅडमच्या नावानं उपास धरलाय."

"गोळी घेऊन उपास? आई, त्यांच्या नावानं जेव गं. मी ऐकतेय."

मागून आजीचा आवाज आला. "कोनाचा फोन हाय?"



आई म्हणाली, "मॅडमचा."

"मग बस की जेवायला. वाढते."

मॅडम गेल्याचं आईनं घरात सांगितलंच नाहीये. सांगितलं तर तो फोन बंद होईल, आणि आठचं ताटही. म्हणून दिवसभर तिला रडताही आलं नाही.

उद्या आठला मला जिना मिळेल का, माहीत नाही. परवाचं तर नाहीच.

गावाकडच्या कुणी हे वाचलं, तर हात जोडते, आमच्या आजीला सांगू नका.

मॅडम, आमच्या घरात तुम्ही अजून गेलेल्या नाहीत.

आईला तुमच्यासाठी दिवाही लावता येणार नाही. तिचा आणि माझा, दोघींचा नमस्कार इथंच घ्या.