ना लव, ना पीस

अर्सेनी लुकिचने आपल्या बायकोचे आभार उभ्या संसारात एकदाच मानले, आणि तेही नको तिथे.

तो सारातोवच्या ट्राम डेपोत फिटर होता. बोलणं मोजकं, हात काळे, मन हळवं. शरद ऋतू आला की ग्लेब आणि प्रोखोरकाका या दोघांबरोबर आगगाडीनं खाली व्होल्गाच्या मुखाकडे जायचं, लव्हाळ्यांत बसून बदकं मारायची, हा त्याचा एकच षौक. निघताना झीना दारात उभी राहून म्हणायची, "ना लव, ना पीस!" म्हणजे मऊ लव नाही की पक्ष्याचं पीस नाही, हाताला काही न लागो. शिकाऱ्याला शुभेच्छा दिली की दृष्ट लागते, म्हणून उलटं बोलायचं, आणि आभार तर मुळीच मानायचे नाहीत. त्यावर त्यानं मागं न बघता ओरडायचं, "जा सैतानाकडे!" मग जिना उतरायचा.

यंदा झीनाच्या मानेतली गाठ काढली होती. तपासणीचा निकाल गुरुवारी कळणार होता. तो जायला तयारच नव्हता.

"जा बाबा," ती म्हणाली. "घरात येरझाऱ्या घालून माझं डोकं उठवशील."

दारात तिनं नेहमीचं वाक्य म्हटलं. पांढऱ्या पट्टीकडे त्याची नजर गेली आणि सैतानाचं नाव ओठांवर येईना. तो पुटपुटला, "आभारी आहे, झीना."

तिचा चेहरा उतरला. दार लागलं.

आता होडीत त्याला स्वस्थ बसवेना. कूस बदलायचा, खोकायचा, पट्टा सारखा करायचा. आमिष म्हणून पाण्यात सोडलेल्या लाकडी बदकांवर उतरू पाहणारा थवा त्याच्या हालचालीनं पांगला.

"अरे, बुडाखाली मुंग्या सोडल्यात का कुणी?" ग्लेब खेकसला. "बदकं तुझं तोंड बघून इराणला चालली!"

दुपारी काठावर माशाचं सूप उकळत होतं, तेव्हा प्रोखोरकाकांनी पाव मोडता मोडता विचारलं, "निघताना दारात काही झालं का, लुकिच?"

त्यानं सांगितलं. ग्लेबचा चमचा हवेतच राहिला.

"आभार मानलेस? बायकोचे? तेही दारात? आणि मी मूर्ख काडतुसांना दोष देतोय!"

"गप रे," काका म्हणाले. "बदकांचं राहू दे. तिकडे त्या पोरीला काय वाटलं असेल? ऊठ. होडी काढू."

मच्छीमारांच्या गावात पोस्ट होतं. खिडकीमागे जाड लोकरी शाल पांघरलेली बाई शिक्के मारत बसली होती. सारातोवचा फोन लागायला बराच वेळ गेला. शेजारणीनं झीनाला बोलावून आणेपर्यंत अर्सेनीनं टोपी पिळून पिळून तिचं पोतेरं केलं.

"काय झालं?" झीनाचा आवाज आला. "गोळी लागली कुणाला?"

"नाही गं. ते पुन्हा म्हण. दारातलं."

"आभार मानलेस तू माझे," ती म्हणाली. "डेपोतून निवृत्त होणाऱ्याला निरोप देतात तसे. डॉक्टर काय सांगायचं ते सांगतील, तू मला आधीच पुरून मोकळा झालास. तेव्हापासून भांडी आपटतेय मी इथे."

"म्हण ना, झीना."

"ना लव, ना पीस," ती रागातच म्हणाली.

"जा सैतानाकडे!" तो असा ओरडला की पोस्टातल्या बाईचा शिक्का घसरून तिच्या तळहातावर उमटला.

पलीकडे झीना हसली की रडली, कळलं नाही. मग म्हणाली, "उद्या गुरुवार. आता तू म्हण मला."

"ना लव, ना पीस, झीनोच्का," तो लाडक्या नावानं म्हणाला.

"तूच जा सैतानाकडे!" हे उत्तर बाहेर होडीशी उभ्या असलेल्या ग्लेबलाही ऐकू गेलं. लाइन तुटली.

अर्सेनी तिथेच घुटमळला. एक पाय दारात, एक आत.

"उद्या पोस्ट कधी उघडतं?"

"शिव्या देणाऱ्यांसाठी उशिरा," बाई तळहात पुसत म्हणाली. मग त्या चुरगळलेल्या टोपीकडे बघून तिचा आवाज खाली आला. "सकाळीच या. पहिला फोन तुमचाच लावून देते. ना लव, ना पीस."

परक्या, वयानं मोठ्या बाईला कसं म्हणायचं? पण यंदा तो पुन्हा चुकणार नव्हता. टोपी छातीशी धरून, किंचित वाकून, अगदी अदबीनं तो म्हणाला,

"आपण जावं सैतानाकडे, बाई."