भरवस्तीतली खोली

कोऱ्या कापडाला एक वास असतो, खळीचा, निळीचा आणि थोडासा धुळीचा. तो नाकात शिरला की मी अजूनही कार्तिकातल्या त्या रविवारी सकाळी नगरच्या कापडबाजारात, तात्यांच्या मागे मागे चालत असते. दुकानांच्या फळ्या नुकत्या निघत होत्या, उन्हात थंडीची कोवळीक होती, आणि पावसाने साफ पाठ फिरवलेल्या त्या दुष्काळी वर्षात आभाळ इतकं निरभ्र, इतकं निर्लज्ज निळं होतं की त्याच्याकडे पाहून संताप यावा. तात्या म्हणजे माझे वडील, कर्जतकडचे शेतकरी. डोईला धुवट पटका, पायांत करकरत्या वहाणा आणि काखेत एक कापडी पिशवी. तिच्यात काय आहे ते त्यांनी एसटीत मी खोदूनखोदून विचारलं तरी सांगितलं नव्हतं.

मला नगरच्या एका मुलींच्या शाळेत शिक्षिकेची नोकरी लागली होती. आमच्या भावकीत नोकरीला लागलेली पहिली मुलगी मी, त्यामुळे कौतुक आणि कुजबुज दोन्ही माझ्या वाट्याला भरभरून आली. तात्यांनी हो म्हटलं होतं खरं, पण अट घालून. जागा भरवस्तीत हवी, शेजार चांगला हवा, शाळा पायी गाठता यायला हवी. सोमवारी शाळा उघडायच्या आत अशी जागा मिळाली तर ठीक, नाहीतर रविवारच्या संध्याकाळच्या गाडीने दोघंही माघारी, आणि नोकरीचं नाव पुन्हा काढायचं नाही. तात्यांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. त्यामुळे त्या दिवशी प्रत्येक जिना चढताना माझा जीव नुसता टांगणीला लागलेला होता.

पहिल्या घरी मालकाने आडनाव विचारलं, गाव विचारलं, मग लग्न झालंय का ते विचारलं, आणि एकट्या बाईमाणसाला आम्ही जागा देत नाही म्हणून दार लोटून घेतलं. मी कानकोंडी झाले. तात्या मात्र जिना उतरताना चक्क खुशीत होते. दुसऱ्या घरी मालक राजी होता, तर तात्यांना जिना फार उभा वाटला. तिसऱ्या ठिकाणी खोली प्रशस्त, उजेड मुबलक, मालकाची सून तर माझ्याशी गप्पाही मारायला लागली होती. पण तात्यांनी बैलाच्या पाठीवर थाप मारावी तशी भिंतीवर थाप मारली, कान लावून ऐकलं आणि भिंत पोकळ असल्याचं जाहीर केलं. भिंत पोकळ! मी काय भिंत नांगराला जुंपणार होते? पण बोलायची सोय नव्हती.

दुपारी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून आम्ही भाकरी सोडली. रेशनच्या मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची, ती तांबडी भाकरी घशाखाली उतरत नसे. एव्हाना माझ्या डोक्यात प्रकाश पडला होता. लोकांनी नकार दिला की तात्या सुखावत, आणि लोकांनी होकार दिला की तात्यांना खोड सापडे. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि राग माझा लाडका असल्याने तोच आधी बाहेर पडला.

"तात्या, तुम्हाला जागा बघायचीय की नाही?"

ते भाकरीचा तुकडा बोटांत फिरवत राहिले. "बघतोय की," म्हणाले. "उगं कुठं बी कशी ठिवू तुला?"

त्यांचा आवाज ऐकून माझा राग कुठल्या कुठे गेला. शेतात, बाजारात, भावकीत कुणाला न जुमानणारा हा माणूस घाबरलेला होता. मला तो त्या क्षणी फार फार आवडला, आणि तरीही मला माघारी जायचं नव्हतं.

तेवढ्यात त्या दुकानाचा मालक आला, आणि कुलूप उघडता उघडता त्याने आम्हाला मागच्या गल्लीतलं एक घर सांगितलं. रूथबाईंचं. त्या ख्रिस्ती, विधवा, आयुष्यभर दवाखान्यात परिचारिका म्हणून राबून नुकत्या निवृत्त झालेल्या. पांढरं लुगडं, चष्म्याच्या जाड काचा आणि त्यांच्यामागे कुणालाही एका नजरेत तपासून घेणारे डोळे. वरची खोली रिकामी आहे, म्हणाल्या, आणि आत या म्हणाल्या.

आणि तात्या एकदम बदलले. त्यांनी वहाणा पार उंबऱ्याच्या खाली काढल्या, पटका सारखा केला, खुर्ची नाकारून सतरंजीच्या काठावर बसले. मग ती पिशवी उघडली. तिच्यातून नारळ निघाला, गुळाचा खडा निघाला, हिरवा खण निघाला. ते सगळं रूथबाईंच्या पुढ्यात मांडून, हात जोडून तात्या म्हणाले, "बाई, लेक तुमच्या पदरात घालतो."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. भाड्याची खोली बघायला आलेला माणूस सोयरीक जुळवत होता! पण त्यांचं तरी काय चुकलं? परक्या उंबऱ्याच्या आत लेक सोडून यायची एकच रीत त्यांना ठाऊक होती, आणि सकाळपासून भेटलेल्या पुरुषांत ती रीत ज्याच्यापुढे पाळावी असं माणूस त्यांना सापडलं नव्हतं.

बरं, सोयरीक जुळवताना मुलीचं गुणगान करतात. तात्यांनी माझे झाडून सगळे दुर्गुण सांगायला घेतले. ही सकाळी लवकर उठत नाही, हिच्या भाकरीच्या कडा जाड राहतात, हातात पुस्तक असलं की चुलीवरचं दूध उतू जातं, राग तर नाकावर. रूथबाईंनी नकार द्यावा म्हणून ते हे सांगत होते, की माझ्या चुका आधीच पदरात घ्या म्हणून, ते मला आजतागायत कळलेलं नाही. बहुधा त्यांनाही कळत नसावं.

रूथबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. चहा आला, तात्यांनी तो बशीत ओतून प्यायला. मग त्या म्हणाल्या, "दादा, मी सासू नाही. मी घरमालकीण. नारळ मी ठेवून घेते, तुम्ही मानाने आणलाय. पण हिला पदरात घ्यायला ही काही लहान नाही. वरच्या खोलीचं कुलूप हिचं, किल्लीही हिचीच. मीसुद्धा दार वाजवल्याशिवाय आत जाणार नाही."

"किल्ली हिच्यापाशी?" तात्यांनी विचारलं. रागाने नव्हे, असली गोष्ट त्यांनी कधी ऐकलीच नव्हती.

"मग कुणापाशी?" रूथबाई म्हणाल्या. त्यांनी खण उचलून माझ्या ओंजळीत ठेवला आणि वर किल्ली ठेवली. तात्या कितीतरी वेळ त्या ओंजळीकडे बघत बसले. जिना कसा आहे, भिंत कशी आहे, काहीच त्यांनी विचारलं नाही.

खोली छोटीशीच होती. पश्चिमेची खिडकी बाजाराकडे उघडणारी, तिच्यातून कलतं ऊन आणि भाजल्या शेंगदाण्यांचा खमंग दरवळ आत येत होता. स्टँडवर ठेवलेलं सामान आणून मी वळकटी सोडली, ट्रंक भिंतीशी सरकवली, बाजारातून आणलेला नवा माठ धुतला. नळाला पाणी थोडाच वेळ यायचं, पण रूथबाईंनी आपल्या साठवणीतून मला घागर भरू दिली. त्या माठातला पहिला पेला भरून मी तात्यांपुढे धरला, आणि धरल्यावर माझ्या लक्षात आलं.

आमच्याकडे लेक दिली की तिला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणी पीत नाही. थोरली ताई श्रीगोंद्याला दिलेली. तिला भेटायला जाताना तात्या स्वतःचा तांब्या भरून नेत, आणि तो संपला तर कोरड्या घशाने माघारी येत. आता तोच हात पेल्यापाशी अडखळला होता. त्यांनी ट्रंकेकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, माझ्या कमरेला खोचलेल्या किल्लीकडे पाहिलं.

"हितं मी तुला कुनाच्या घरात दिलीय?" ते स्वतःशीच म्हणाले, आणि घटाघटा पाणी प्यायले. मग पेला पुढे करून म्हणाले, "आनिक वत."

संध्याकाळच्या गाडीने ते एकटेच गेले.

पुढे माझं लग्न झालं. नवऱ्याचं घर मोठं, माणसं प्रेमळ, कशाची कमी नव्हती. तात्या यायचे, ओट्यावर बसायचे, मला मुलगी होईपर्यंत आपल्या तांब्यातलं पाणी प्यायचे, आणि मी आत उभी राहून त्यांच्या घशाचा आवाज ऐकायचे. त्यानंतर आम्ही स्वतःचं घर बांधलं, दारावर दोघांची नावं लावली. पण या सगळ्या घरांतलं माझं असं घर कोणतं, असा विचार मनात आला की मला गल्लीतली ती भाड्याची खोलीच आठवते, आणि हे मी अजून कुणापाशी बोललेले नाही.