गुणाचा हात

दादाचं स्वादुपिंड सुजलंय म्हटल्यावर भेटायला येणारा प्रत्येक जण आधी इकडंतिकडं बघायचा आणि मग हळूच विचारायचा, "जरा जास्तच घेत होता का रं?" मला अस्सा राग यायचा! दादा आयुष्यात कधी थेंबाला शिवला नव्हता. पिणारा मी. पवना धरणाच्या काठाला माझे तंबू आहेत, शनिवार-रविवारी शहरातली पोरं मुक्कामाला येतात, त्यांच्यासोबत माझंही बसणं होतं. दादा पवनानगर ते कामशेत जीप चालवायचा, आणि माझ्या तोंडाला वास आला की दिवसभर माझ्याशी बोलायचा नाही. आणि सुजलं कुणाचं, तर त्याचं. देवाचा पत्ता चुकला असणार, दुसरं काय!

लोणावळ्यात सोनोग्राफी झाली तेव्हा कळलं की पित्ताच्या पिशवीतला खडा खाली सरकून नळीत अडकला होता. दारूचा काही संबंध नव्हता. मी हे गावभर सांगत सुटलो. लोक 'व्हय का' म्हणायचे आणि मान हलवायचे, पण एकालाही पटलेलं नसायचं. खरं सांगायचं तर असला काही अवयव पोटात असतो हे त्याआधी आमच्या घरात कुणाला ठाऊकच नव्हतं. असतो कशाला आणि सुजतो कशाला, काही कळेना.

हायवेजवळच्या मोठ्या हॉस्पिटलात दादाला आयसीयूत ठेवलं. पहिले काही दिवस फार वाईट गेले, मग जरा उतार पडला. दादा बोलायला लागला. जीपची क्लच प्लेट बदलली का, असं त्यानं मला विचारलं तेव्हा मी बाहेर येऊन वहिनीला म्हटलं, "सुटलो आपण." आणि दुसऱ्याच दिवशी त्याला अशी थंडी भरली की पलंग हलत होता. ताप उतरेना, रक्तदाब खाली खाली जायला लागला.

तिथल्या डॉक्टर बाई वयानं माझ्यापेक्षा लहान होत्या. बिचाऱ्या चांगल्या होत्या, उभ्या उभ्या पण नीट समजावून सांगायच्या. म्हणाल्या, "त्यांच्या रक्तात जंतू पसरलेत."

"कुटनं आले?" मी विचारलं.

"बहुतेक त्यांच्याच आतड्यातून. स्वादुपिंड इतकं खराब झालं की आतड्याची भिंत कच्ची होते, आतले जंतू रक्तात उतरतात. किंवा मानेत जी नळी घातलीये, तिच्यातून."

म्हणजे दादाचेच जंतू दादाला खात होते, नाहीतर जिच्यातून औषध जात होतं त्याच नळीतून रोगही जात होता. मी ऐकत होतो, मान हलवत होतो, आणि डोक्यात नुसता गोंधळ उडाला होता. मग त्या म्हणाल्या, "अडचण अशी आहे की हे जंतू औषधांना दाद देत नाहीयेत. नेहमीची सगळी अँटिबायोटिक्स फेल गेली." आणि त्यांनी एकेक नाव घेतलं. त्यातलं एक नाव मला ओळखीचं वाटलं. कुठं ऐकलंय ते मात्र आठवेना.

मी बाहेर येऊन वहिनीला सांगितलं की औषध लागू पडत नाही. तिनं डोळे पुसले आणि ठामपणे म्हणाली, "भावजी, ह्या बाईच्या हाताला गुणच न्हाई. आपल्या डॉक्टरकडं नेऊ ह्यांना."

आमचे डॉक्टर म्हणजे बाजारातला तो एका खोलीचा दवाखाना. आमच्या भागात डॉक्टर शिकलेला किती हे कुणी विचारत नाही, त्याच्या हाताला गुण आहे का ते विचारतात. एखाद्याच्या हाताला असतो, एखाद्याच्या नसतो, त्याला कुणाचा इलाज नाही. गुण नाही आला तर डॉक्टर बदलायचा. आणि आमच्या डॉक्टरांच्या हाताला काय गुण होता, बाबा! सर्दी, ताप, घसा, काहीही असो, एक इंजेक्शन टोचलं की माणूस सकाळी उठून भातलावणीला. दादाला तर लहानपणापासून त्यांचाच हात. जीपचा खाडा नको म्हणून शिंक आली तरी तो त्यांच्याकडं जायचा.

पार्किंगमध्ये सगळी भावकी जमली आणि सगळ्यांचं एकच. हितनं हलवा. सही माझी लागणार होती. दादा जगणार की जाणार हे माझ्या एका सहीवर येऊन बसलंय असं मला वाटायला लागलं. मी म्हटलं, "आधी डॉक्टरांना विचारून येतो." गाडीला किक मारली आणि पवनानगरला निघालो.

दवाखान्यात गर्दी होती. डॉक्टरांनी मला थेट आत घेतलं. मी सगळं सांगितलं आणि हात जोडले. "साहेब, तुमी ताब्यात घ्या त्याला. तुमच्या हाताला यश हाय."

"कुठली औषधं फेल गेली म्हणाले?"

मी आठवतील ती नावं सांगितली. ते ओळखीचं नाव आलं तसे डॉक्टर उठले. काचेच्या कपाटातून एक बाटली काढून टेबलावर ठेवली. बाटलीवर तेच नाव होतं. लहानपणापासून त्या खुर्चीत बसून कपाटाकडं बघत मी ते वाचलं होतं.

"माझ्या हाताला गुण कसला रे," ते म्हणाले, "गुण ह्याचा होता. सर्दीला लागत नाही हे मला काय कळत नव्हतं? पण नुसत्या गोळ्या दिल्या की तुम्हीच म्हणायचात, डॉक्टरांनी काही केलंच नाही. मग टोचायचो. जंतू निर्ढावतात अशानं."

"म्हंजी तुमच्यामुळं झालं हे?" माझा आवाज चढला. बाहेरच्या बाकावरचे लोक आत डोकावायला लागले.

"माहीत नाही. त्याच्या पोटातले जंतू माझ्या इंजेक्शनांनी निर्ढावले, का हॉस्पिटलातलेच निर्ढावलेले नळीतून आत गेले, हे कुणालाच सांगता यायचं नाही. मलाही नाही, त्या बाईंनाही नाही." त्यांनी बाटली परत कपाटात ठेवली. "त्याला हलवू नकोस. वाटेत जाईल तो. तिथं आहे तेच बरोबर आहे."

त्यांची कॉलर धरावी की पाय धरावेत, मला समजेना. ह्याच माणसानं माझ्या पोरीचा न्युमोनिया बरा केला होता. मी तसाच उठून हॉस्पिटलला परत निघालो. पार्किंगमध्ये आल्यावर एवढंच सांगितलं, "डॉक्टर म्हणले, हलवू नका." त्यांचं नाव निघताच हलवायचा विषय मिटला. बाकीचं मी गिळून टाकलं.

मग एक राखून ठेवलेलं औषध सुरू झालं. मूत्रपिंडाला त्रास होईल, पण दुसरं काही उरलेलं नाही, असं बाई म्हणाल्या. ताप थोडा उतरला. तेवढ्यात लघवी बंद झाली. तिकडून धरलं की इकडून सुटत होतं. दादा गेला तेव्हा त्या बाईंच्याच डोळ्यांत पाणी होतं, आणि मी येड्यासारखा त्यांची समजूत काढत होतो.

घरी लोक भेटायला येत होते, त्यात एकदा डॉक्टरही आले. वहिनी भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "डॉक्टरसाहेब, तुमच्याकडं आणलं असतं तर वाचलं असतं ना हे?"

डॉक्टर म्हणाले, "नाही गं. उलट माझ्यामुळंच कदाचित..."

"चहा घ्या, साहेब," मी मध्येच मोठ्यांदा बोललो आणि कप त्यांच्या हातात कोंबला. का कोंबला, देव जाणे. तिला कळायला हवं होतं असंही वाटतं, आणि तिच्याकडं तेवढा एकच भरवसा उरला होता असंही वाटतं.

पुतणी खोकत होती. वहिनीनं तिला पुढं केलं. "हिला टोचा एक इंजेक्शन. तुमचा गुणाचा हात."

डॉक्टरांनी तिच्या छातीला नळी लावली, घसा बघितला, डोक्यावरून हात फिरवला. "इंजेक्शन नको. मिठाच्या पाण्यानं गुळण्या करू दे. आपोआप जाईल." आणि उठून गेले.

वहिनी दारापर्यंत बघत राहिली. "हात आखडला त्यांनी," ती म्हणाली. "गरीब झालो ना आपण आता."

दुसऱ्या दिवशी ती माझ्या नकळत पोरीला घेऊन कामशेतला गेली, नव्या डॉक्टरकडं. त्यानं टोचलं. आठवडा संपायच्या आत खोकला गेला, पोर अंगणात उड्या मारायला लागली. आपोआपही गेला असता, पण ते कुणाला सांगू? किती दिवसांनी वहिनी जरा हसली.

"भावजी, ह्या नव्या डॉक्टरच्या हाताला लय गुण हाय बघा," ती म्हणाली. "ह्यांना तिकडंच न्यायला पायजे होतं आपण."