विमान नाही, म्हणालो होतो

आमच्याकडे विमानाला इमान म्हणतात. आभाळातून जातं तेही इमान, आणि माणूस गेल्यावर त्याला ज्यात बसवून मातीला नेतात तेही इमान. आम्ही लिंगायत. आमच्यात मेलेल्याला आडवं करत नाहीत. मांडी घालून बसवतात, कपाळभर विभूती लावतात, मांडीवरच्या डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवतात, हनुवटी बांधतात, आणि बांबूच्या, केळीच्या खुंटांनी सजवलेल्या विमानात बसवून मिरवत नेतात. युसूफ वडगावाकडच्या आमच्या गावात हे विमान माझे वडील, दादा, बांधायचे. किराण्याचं दुकान होतं, पण कुणी गेल्याचं कळलं की दादा दुकान बंद करून सुतळीचा गुंडा काखेत मारून निघत. त्या घरी चहासुद्धा घेत नसत.

दादा गेले तेव्हा मी स्वालबार्डला होतो, उत्तर ध्रुवाजवळच्या बेटावर. ते नाव गावात कुणाच्या तोंडात बसलं नाही. 'बर्फात हाय' एवढंच सांगत. मुंबईत हॉटेलच्या स्वयंपाकघरात माझ्या शेजारी उभा राहणारा एक जण आधी तिकडे गेला, त्याच्यामागून मी. बेट नॉर्वेचं, पण तिथं राहायला कुठल्याही देशाच्या माणसाला परवाना लागत नाही. वाटेतल्या देशाचा व्हिसा लागतो, बेटाचा नाही. त्यामुळे थायलंडच्या बाया, फिलिपिन्सचे गडी, रशियन खाणवाले आणि बीड जिल्ह्यातला मी, असे सगळे एका रस्त्यावर राहत होतो. पूर्वी तिथं सगळं कोळशावर चालायचं. तारेवरून कोळशाचे पाळणे नेणारे लाकडी मनोरे डोंगरावर अजून उभे आहेत, नुसतेच. आता पर्यटक येतात, संशोधक येतात, त्यांना जेवू घालायला आमच्यासारखे.

हॉटेलातसुद्धा बूट दाराशी काढायचे, ही तिथली खाणवाल्यांच्या काळापासूनची रीत. ती मला घरची वाटायची. दारांना सहसा कुलूप लावत नाहीत. पांढरं अस्वल मागं लागलं तर जवळच्या कुठल्याही घरात शिरता यावं म्हणून. घरं खांबांवर उभी, कारण खालची जमीन कायमची गोठलेली. वरचा थर उन्हाळ्यात सुटतो, हिवाळ्यात फुगतो, आणि पोटात असेल ते हळूहळू वर ढकलतो. जुन्या दफनभूमीतले क्रूस कलंडलेले मी पाहिलेत. आता तिथं कुणाला पुरत नाहीत. बाईचे दिवस भरत आले किंवा माणूस फार आजारी पडला, तर दोघांनाही विमानात बसवून मुख्य भूमीला धाडतात. म्हातारं माणूस दिसलंच तर तो पर्यटक.

मला ते गाव आवडलं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. जिथं कुणी मरत नाही अशा गावात मला झोप चांगली लागायची.

कार्तिक लागला की तिथला सूर्य जातो तो थेट माघात येतो. भर दुपारी चांदण्या असतात. पौर्णिमेच्या आसपास चंद्र मावळतच नाही, डोंगरांवरून नुसता फिरत राहतो, कुणाच्या तरी पाळतीवर असल्यासारखा. अशाच एका दुपारी मी भाजी चिरत असताना काकांचा फोन आला. काका म्हणजे दादांचे धाकटे भाऊ. दादा सकाळी गेले होते. दुकानात बसल्या बसल्याच गेले. आई म्हणत होती थोरल्यासाठी, म्हणजे माझ्यासाठी, थांबा. अंबाजोगाईहून बर्फाची पेटी आणू का, असं काका विचारत होते.

मी म्हणालो, "विमान नाही, काका."

आवाज तुटत होता. मधेच ऐकू आलं, "इमानाचं... काय करायचं?"

"विमान नाहीच. नका थांबू. तुमचं तुम्ही उरका."

विमान होतं. तासाभरानं सुटणार होतं, जागाही होती, मी फोन ठेवल्या ठेवल्या माझ्या मालकानं त्याच्या फोनवर बघून सांगितलं. मी त्याला म्हणालो, घरचे थांबणार नाहीत. मग भाजी चिरत उभा राहिलो. खाडीवरून विमानाचे दिवे वर चढताना खिडकीतून दिसले. बर्फावर लाल उजेड पडत होता आणि विझत होता.

लहानपणी एकदा दादांना डबा द्यायला गेलो, तेव्हा गल्लीतल्या एका म्हातारीला खांबाला टेकवून बसवलं होतं. हनुवटी बांधलेली, डोळे अर्धे मिटलेले. दादा बाहेर बांबू ताशीत होते. माझ्यासमोर तिच्या गळ्यातला हार हलला. वाऱ्यानं हलला असेल. पण मला वाटलं, ही श्वास दाबून बसलीय, आम्ही कधी जातो याची वाट बघत. तेव्हापासून मला बसलेल्या मढ्याची भीती आहे. दादा दाराकडे तोंड करून माझ्यासाठी तसे बसलेत, हे मला बघायचं नव्हतं. कारण एवढंच.

पुढं मी परत आलो, मांजरसुंब्याला जेवणाचं हॉटेल टाकलं. गावात गेलो की लोक बोलत, पण कुणाच्या विमानाला मी खांदा द्यायला गेलो तर दुसराच कुणी पुढं होई. बापाच्या मातीला आला नाही म्हणून असेल, असं समजून मी गप्प राहत गेलो.

दादांची समाधी आमच्याच रानात आहे, काळ्या मातीत. ही मातीही त्या बेटासारखीच. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि दर वर्षी नांगराला नवे दगड लागतात. गेल्या उन्हाळ्यात समाधीचा ओटा कलला. आई, काका आणि मी बघायला गेलो. गवंडी लावून सरळ करू, असं मी म्हणालो.

काका म्हणाले, "काळं रान काईच पोटात ठिवत न्हाई बे. गावाला इमान बांधून देणाऱ्याला तू इमान नको म्हनलास. झोळीत घालून नेला आमी. मंग त्यो कसा गप बसंल?"

मला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा खालीच बसलो. मी ते विमान म्हणत होतो, आभाळातलं, असं सांगितलं. काका बघतच राहिले. आई तर पदर तोंडाला लावून हसायलाच लागली, हसता हसता रडली. आठ दिवसांत गावभर झालं. काकांनी दुकानापुढं चारचौघांत माझा हात धरला. पोराची काही चूक नव्हती, अंधारात इमान उडत नसतं तिकडं, असं लोक आपसात सांगू लागले. मी मान हलवत राहिलो.

नंतर रानात गेलो तर ओटा आणखी कलला होता, रस्त्याच्या बाजूला. त्याच्या कडेनं भेग पडली होती. मी तुरीची एक लांब काडी आत सोडली. ती सगळी गेली, आणि खाली टेकल्याचा आवाज आला नाही. वाकून बघताना तोंडावर गार हवा लागली. वैशाखातल्या दुपारी.

दुसऱ्या दिवशी आईला तिथं घेऊन गेलो. म्हणालो, "आई, विमान होतं."

"न्हाई रे, कुटलं? झोळीत नेलं की. म्या बघितलं."

"ते नाही. माझं. त्या दिवशी विमान होतं, जागा होती. मी आलो नाही."

तिनं वाकून भेगेत बघितलं. मग विचारलं, "कावून?"

"भ्यालो."

"कुनाला?"

"दादांना. बसलेल्या दादांना."

तिनं पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या, ओट्याला पाठ लावून उघड्या मातीवर बसली, सावकाश मांडी घातली, पाठ ताठ केली, डावा हात मांडीवर उताणा ठेवला.

"माजं इमान तू बांधायचंस," ती म्हणाली. "बसवायचंबी तूच. आशी. बघून घे."

आणि तिनं डोळे मिटले.

रानात कुणी नव्हतं. तिचा पदर हलला. वाऱ्यानं हलला असेल. मी तिथंच उभा राहिलो, तिच्या तोंडाकडं बघत, ती डोळे उघडीपर्यंत.