जावयाचा बोर्ड

ग्राहक जागा झाला की समाज जागा होतो, असं म्हणतात. वसमतच्या आमच्या घरात तो नव्वदच्या दशकाच्या शेवटी जागा झाला, नेमका जेवायच्या वेळेला.

अब्बांचे एक जुने हिंदू दोस्त जवळच्या हट्टा गावात हळद पिकवायचे. हळद शिजवून झाली की ते मजुरांसाठी बकरं कापायचे आणि आमचा वाटा डब्यात घालून एसटीनं पाठवायचे. त्या वर्षी डबा आला, तेव्हा माझ्या बहिणीचा नवरा पहिल्यांदाच मुक्कामाला होता. अम्मी दुपारपासून चुलीपुढं होती. जावयाला काय आवडतं, हे तिनं बहिणीला तीनदा विचारलं होतं.

जावयानं ताटाकडं बघितलं. "अम्मी, काटा कौन?"

बकरं कुणी कापलं, हा प्रश्न आमच्या घरात आजवर कुणी विचारला नव्हता. अम्मी अब्बांकडं बघायला लागली. घरी नवा फोन आला होता. अब्बांनी हट्ट्याला लावला. दोस्तांचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

"आमच्यात मुलाण्यानं बिस्मिल्ला केल्याबिगर बकऱ्याला सुरी लागत न्हाई, भाऊ. सकाळपासून त्याचीच वाट बघून राहिलो होतो. जावयाला म्हणावं, तुमी आत्ता इचारून राहिले, आमचा बाप बी इचारल्याबिगर खात नव्हता."

अब्बांनी फोन ठेवला. जावयानं ऐकलं होतंच.

"आपने देखा क्या?" त्यानं अदबीनं विचारलं.

अब्बांनी बघितलं नव्हतं. जावई वरणभात जेवला, चांगला दोनदा घेऊन. अम्मीनं पातेलं झाकलं आणि त्या रात्री ती जेवलीच नाही.

दुसऱ्या दिवशी तो स्वतः बाजारात जाऊन मटण घेऊन आला. दुकानावर हिरवा बोर्ड होता, 'शंभर टक्के हलाल', दोन्ही बाजूंना मिनार काढलेले. बोर्डाबद्दल तो बराच वेळ बोलला. आजकाल माणसानं चौकशी केली पाहिजे, म्हणाला. अम्मीनं पुन्हा मसाला वाटला. तो पोटभर जेवला, आणि तिच्या हाताची तारीफही केली.

तो गेल्यावर आठवड्यानं अब्बा त्या दुकानात जाऊन आले. आल्यावर बराच वेळ हसत होते.

"जावयाला नका सांगू," अम्मी म्हणाली. "जेवू द्या बिचाऱ्याला."

अजूनही सांगितलेलं नाही. त्या दुकानात सुरी चालवायला रोज पहिल्या एसटीनं हट्ट्याचा तोच मुलाणी यायचा.