पोटातला क्रूस

सुनेच्या पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीला मी वसईत तिच्याबरोबर गेले आणि पडद्यासमोरच्या तरण्या डॉक्टरीणबाईवर जळायला लागले. तिच्या वयाची असताना मी वाडीतल्या बायकांच्या पोटाला कान लावून बाळाचे ठोके सांगत मिरवायचे. एकदा ते ठोके म्हणजे नुसती भुकेची गुरगुर निघाली.

हिला पडद्यावर बाळाच्या हृदयाचे चारही कप्पे दिसले. तिथून निघणाऱ्या दोन मोठ्या नळ्या मात्र दिसेनात, कारण बाळ पाठ करून होतं. ती जीभ दातांत धरून हातातलं यंत्र पोटावर जरा जरा वर सरकवत राहिली. सून माझा हात सोडेना.

“काय शोधतेस गो?”

तिने एका बोटावर दुसरं बोट आडवं ठेवलं. “आजी, नळ्या अशा एकमेकींना ओलांडून जायला हव्यात. शेजारी-शेजारी गेल्या तर काळजीचं असतं.” मग पोटाकडे बघून म्हणाली, “वळ ना, बाळा.”

आणि ते लबाड वळलं. माझ्या हाकांना कधी हललं नव्हतं.

“झाला क्रॉस, आजी. छान आहे.”

सून रडायला लागली. मी छातीवर क्रूसाची खूण केली. रोज देवळात पुढच्या बाकावर मी बसते, आणि माझ्या नातवंडाच्या छातीतला क्रूस आधी दिसला तो हिला.