पारूबाईच्या मधाची राख

एस.टी. नगरला पोचली तेव्हा माझ्या पिशवीतली एक बाटली फुटलेली होती. वाटेत कुणाचं तरी गाठोडं पिशवीवर आदळलं होतं. पुण्याच्या प्रयोगशाळेतून नमुन्यांसाठी धुतलेल्या दोनच बाटल्या आणल्या होत्या. पाथर्डीच्या गाडीला तीन तास होते. फलाटावर वर्तमानपत्र पसरून बसलो आणि बसल्या बसल्या झोप लागली.

दुष्काळाचं दुसरं वर्ष. पाथर्डीच्या पुढे रस्त्याच्या कडेने माणसं खडी फोडत होती. फाट्यावर उतरून तासभर चाललो. सावली नव्हतीच.

पारूबाई पन्नाशीची. बांधावरच्या कडुलिंबांवरून फुलोरी माशीची (लहान मधमाशीची) पोळी काढून ती मध विकायची. मध घेणाऱ्या केंद्राने तिचा नमुना आमच्याकडे पाठवला होता. मध जाळला की राख नावापुरती उरते. तिच्या मधाची भरपूर उरली. गूळ जाळला तरी अशी राख उरते, म्हणून भेसळीचा संशय लिहिला गेला आणि केंद्राने तिचा मध घेणं बंद केलं. पुढे सहज ती राख पुन्हा तपासली, तर तिच्यात मीठच मीठ. गुळात इतकं मीठ कुठून येणार?

पारूबाईने लाल मिलोची (दुष्काळात वाटलेल्या परदेशी ज्वारीची) भाकरी आणि ठेचा पुढे केला. पाणी गोड होतं. ती स्वतः मात्र दुसऱ्या घागरीतलं प्याली.

"ते वेगळं आहे का?" मी विचारलं.

"हिरीचं हाय. लई खारट. तुमाला न्हाई सोसायचं. हे टँकरचं घ्या."

विहिरीवर गेलो. तळाशी जेमतेम पाणी होतं, कडेच्या दगडांवर पांढरे पापुद्रे धरले होते. पाणी उपसतात त्या ओल्या जागेवर फुलोरी माशा दाटीने बसल्या होत्या.

"दुसरीकडं पानीच न्हाई, त्या तरी काय करत्याल?" ती म्हणाली. "आन् मला चावडीवर बोलवून सांगितलं, गूळ कालवतीस म्हनून. समद्यांसमोर."

मी म्हणालो, "पारूबाई, ते मी लिहिलं होतं. सही माझी आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं. राग दिसला असता तर बरं वाटलं असतं.

"मंग तुमीच खोडा," ती म्हणाली, आणि कोयता घेऊन लिंबाकडे निघाली.

तिने माझ्यादेखत पोळं कापलं. मध उरलेल्या बाटलीत घेतला. विहिरीच्या पाण्यासाठी माझ्या पिण्याच्या पाण्याची बाटली रिकामी केली आणि त्याच पाण्याने विसळून भरली. परतीच्या गाडीत घसा इतका कोरडा पडला की कंडक्टरने तिकीट विचारलं तेव्हा आवाज फुटेना.

दोन्ही नमुने बोलले: मधात मीठ, पाण्यात त्याहून जास्त. ते पाण्यातून आलं की मातीतून झाडात चढून, हे छातीठोक सांगता येत नव्हतं. गुळाचं मात्र नव्हतं. प्रयोगशाळेतले साहेब म्हणाले, "'अधिक तपासणीनंतर' एवढंच लिहा. चूक कशाला कबूल करता?"

मी लिहिलं, "पहिला निष्कर्ष चुकीचा होता." एक प्रत केंद्राला पाठवली, दुसरी त्या गावच्या चावडीला, सर्वांसमोर वाचावी अशी विनंती जोडून.

वाचली की नाही, मला कळलं नाही. त्या प्रवासाचा शीण दोन दिवसांत उतरला. पण तेव्हापासून कुठलाही नमुना समोर आला की आधी विचारतो, हा कुठल्या पाण्यावरचा?